गाठ तेवढी सोडू नका

टाय जमवण्याचा छंद मला लहानपणापासून वगैरे नव्हता. तो मला ऑफिसच्या मीटिंगमध्ये लागला, आणि लागला तोही साथीच्या रोगासारखा, शेजारच्या खुर्चीवरून. त्या दिवशी आमच्या मोठ्या साहेबांच्या मनात आलं की कर्मचाऱ्यांना माणूस म्हणून ओळखावं. त्यांनी एकेकाला छंद विचारायला सुरुवात केली. आवक-जावकवाला म्हणाला, बासरी. टायपिस्ट बाई म्हणाल्या, बागकाम. माझ्या शेजारी बसणारा, ज्याला डुलकी घेण्यापलीकडे कसलेही श्रम करताना मी पाहिलेलं नाही, तो बेधडक म्हणाला, गिर्यारोहण. पाळी माझ्यावर आली तेव्हा माझ्या नजरेसमोर फक्त साहेबांचा टाय होता. निळा, त्यावर बारीक पांढरे ठिपके. तोंडातून निघून गेलं, "टाय जमवतो, साहेब. टाय आणि कोटाच्या खिशातले रुमाल."

रुमाल का म्हणालो ते मला अजून कळलेलं नाही. खोटं बोलताना माणसाने थोडक्यात आटपावं, पण माझा स्वभाव मुळात तपशिलाचा आहे.

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "वा," ते म्हणाले. "एकदा घरी येऊन बघायला हवेत."

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. माझ्याकडे त्या वेळी एकच टाय होता, लग्नात घातलेला. तोही इलॅस्टिकचा, दुकानातूनच गाठ मारून आलेला. लहान मुलाला लाळेरं अडकवतात तसा तो मागून अडकवायचा. म्हणजे टायची गाठ कशी मारतात हेही मला ठाऊक नव्हतं. आणि रुमाल म्हणाल तर घरातले सगळे रुमाल नाकाशी संबंधित होते.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने देठ मोडायचं थांबून विचारलं, "डुलक्या घेणारा गिर्यारोहण म्हणाला, तर तुम्हाला निदान पोहणं म्हणता आलं नाही? पोहणं बघायला कुणी घरी येत नाही."

बायकोचं बोलणं बरोबर असतं. फक्त ते वेळेवर उपयोगी पडत नाही, कारण ती मीटिंगला नसते.

मग मी कॅप्टनकडे गेलो. कॅप्टन आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. ते कुठल्याही सैन्यात किंवा जहाजावर नव्हते. ते सोसायटीच्या लिफ्ट कमिटीचे अध्यक्ष आहेत. ते अध्यक्ष झाल्यापासून लिफ्ट बंद आहे, पण बोलण्याचा थाट असा की बंद लिफ्टसुद्धा त्यांच्या हुकुमानेच थांबली आहे असं वाटावं. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "विकत घ्यायचा मूर्खपणा करू नका. प्रत्येक घरात एक टाय पडलेला असतो. मुलाखतीत घातला, लग्नात घातला, मग कपाटातल्या खिळ्याला टांगला. ठेवून उपयोग नाही आणि फेकायला हात धजत नाही. तुम्ही नुसता शब्द टाका."

शब्द मी टाकलाच नाही. तो कॅप्टननी टाकला, जिन्यात, मोठ्या आवाजात, आणि लिफ्ट बंद असल्यामुळे सगळी इमारत जिन्यातच असते. त्याच आठवड्यात दाराची बेल वाजायला लागली. टाय आले. रुंद आले, अरुंद आले, एक विणलेला आला. कुणाच्या टायवर आमटीचा डाग होता, कुणाच्या टायवर शाळेचं बोधचिन्ह. तिसऱ्या मजल्यावरच्या विमा एजंटाने, ज्याला सगळे 'पॉलिसी' म्हणतात, एक हिरवा टाय दिला. त्यावर नारिंगी पोपट होते.

"सासूबाईंनी दिलेला," पॉलिसी म्हणाला. "मला घालवत नाही. तुम्ही मात्र घाला हं. नुसता ठेवू नका."

इथे माझ्या लक्षात आलं की देणाऱ्याला टाय नको असतो, पण टायचं भलं व्हावं असं वाटत असतं. मुलगी देताना असावा तसा प्रत्येकाचा चेहरा. आणि एकदा दिली की मग वरचेवर चौकशी. "काय, आमचा नाही घातलात आज?" दुधाच्या रांगेत विचारायचे. जिन्यात विचारायचे. मी पोपटांचा टाय घालून ऑफिसला गेलो तो दिवस मला आठवायचा नाही. टायपिस्ट बाई आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या, आणि त्यात आनंद मानण्यासारखं काही नव्हतं. गाठीचं काम पॉलिसीच करून द्यायचा, सकाळी, दारात उभं राहून, विम्याचं बोलता बोलता. गळ्याशी फास असताना माणसाला विम्याचं महत्त्व पटतं.

रुमालांचं काम बायकोने अंगावर घेतलं. हॉलच्या पडद्यांचं कापड उरलं होतं. तिने त्याचे चौकोन कापून कडा शिवून दिल्या, आणि खरोखर सुरेख झाले. अडचण एवढीच की कोट घालून मी घरात खिडकीपाशी उभा राहिलो की माझ्या छातीत खिडकी उघडल्यासारखी दिसायची. मेव्हणा आला, त्याने तो रुमाल माझ्या खिशातून सहज उपसला, नाक शिंकरलं आणि परत ठेवला. रुमालाने नाक पुसायचं नाही ही गोष्ट आमच्या नात्यातल्या कुणालाच पटवता आलेली नाही. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे नाकापेक्षा रुमाल जड झाला होता.

एवढं सगळं झालं आणि साहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुमची बासरी ऐकायची राहूनच गेली." नवे साहेब अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आले. टाय बघितला की त्यांना गुदमरतं म्हणे.

तेव्हाच हे सगळं आटोपतं घ्यायला हवं होतं. बायको तसं म्हणालीही. पण त्याच सुमाराला वरच्या काकू आल्या.

काकू आमच्या डोक्यावरच्या घरात राहतात. काकांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. काका बँकेत रोखपाल होते. आमच्या इमारतीत नीटनेटकेपणाची गोष्ट निघाली की काकांचं नाव निघायचं. सकाळी ते जिना उतरायचे तेव्हा बुटांपासून भांगापर्यंत सगळं जागच्या जागी, आणि गळ्यात टाय. त्या टायची गाठ अशी की पुरुषांनी मनातल्या मनात जळावं. लहानशी, घट्ट, आणि गाठीच्या खाली बरोबर मधोमध एक खळी. "गाठ असावी तर अशी," असं खुद्द कॅप्टन म्हणायचे, आणि कॅप्टन दुसऱ्या कुणाला चांगलं म्हणत नाहीत. एके दिवशी काका असेच जिना उतरून कामावर गेले, काउंटरवर बसले, आणि दुपारी काउंटरवरच गेले.

काकूंच्या हातात कागदी पिशवी होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि उभ्याच राहिल्या. आत करड्या रंगाचा टाय होता, बारीक काळ्या रेघांचा. गाठ तशीच होती.

"दवाखान्यातून घड्याळ आणि चष्म्याबरोबर हा आला," त्या म्हणाल्या. "त्यांनी डोक्यावरून काढला असणार. दारामागे टांगलाय तेव्हापासून. रोज दार लावलं की समोर. बघवतही नाही आणि टाकवतही नाही. तुमच्याकडे चार टायांत राहील. त्याला सोबत होईल."

मी म्हणालो, "काकू, मी जपून ठेवीन."

"वापरायचा असेल तर वापरा. मी काही म्हणणार नाही. गाठ तेवढी सोडू नका." दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "मधूनमधून येऊन बघितली तर चालेल ना?"

चालेल म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्या गेल्यावर मी आणि बायको बराच वेळ त्या टायकडे बघत बसलो. तोपर्यंत माझा छंद म्हणजे एक फजिती होती. आता ती जबाबदारी झाली. मी तो टाय पिशवीसकट कपाटात वरच्या कप्प्यात ठेवला, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की आपण खरोखर काहीतरी जमवलं आहे. काकू दर आठ-पंधरा दिवसांनी यायच्या. पिशवी उघडायच्या, बघायच्या, बोटसुद्धा न लावता बंद करायच्या. मग पाणी पिऊन जायच्या.

पण सरळ चाललेल्या गोष्टीत खोडा घालायला सोसायटीला सेक्रेटरी असतो. आमचे सेक्रेटरी घरात बायकोशीही नियमावलीच्या भाषेत बोलतात असा प्रवाद आहे. ते एका संध्याकाळी आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "आपण निवासी गाळ्यात वापरलेल्या कपड्यांचा साठा केल्याचं निदर्शनास आलं आहे."

"साठा कसला? संग्रह आहे," मी म्हणालो.

"संग्रह म्हणजेच साठा. आणि कापड ज्वालाग्राही आहे."

"पडदेही कापडाचेच आहेत की," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"पडदा हे आवश्यक कापड आहे," सेक्रेटरी म्हणाले. "टाय अनावश्यक आहे." या वाक्यावर मात्र माझ्या बायकोचं आणि त्यांचं पूर्ण एकमत झालं असावं, कारण आतून उत्तर आलं नाही.

त्यांनी मग वाट दाखवली. साठ्याला परवानगी नाही, पण सांस्कृतिक उपक्रमाला आहे. मी खालच्या सभागृहात सर्व सभासदांसाठी प्रदर्शन भरवलं तर टाय हा साठा राहत नाही, संस्कृती होते. मी हो म्हणालो. आगीतून निघून फुफाट्यात कसं पडतात ते बघायचं असेल तर माझ्यासारख्याने हो म्हणताना बघावं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आमच्या घरात चूक झाली. ती कशी झाली ते नीट सांगतो, कारण तिच्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. मी टेबलाशी बसून प्रत्येक टायखाली लावायच्या चिठ्ठ्या वळणदार अक्षरात लिहीत होतो. बायकोने विचारलं, "सगळे इस्त्रीला देऊ?" मी मान वर न करता म्हणालो, "सगळे." मला वाटलं, काकांचा तो बाजूला ठेवायचा हे तिला माहीत आहे. तिला वाटलं, मी तो आधीच बाजूला काढला असणार. कपाटातल्या सगळ्या पिशव्या तिने उघडून न पाहता तशाच उचलून दिल्या. संसारातल्या सगळ्या दुर्घटना अशाच होतात. भर म्हणून तिने इस्त्रीवाल्याला बजावलं, "चारचौघांत मांडायचे आहेत. एक सुरकुती दिसली तर गठ्ठा परत पाठवीन."

रविवारी सकाळी गठ्ठा आला. सगळे टाय पट्टीसारखे सरळ. करड्या रंगाचाही.

मी खाली बसलो. बायको आली, तिने बघितलं, आणि तीही माझ्या शेजारी जमिनीवर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "मीच दिला. मी पिशवी उघडून बघायला हवी होती." मी म्हणालो, "मीच सगळे म्हणालो." यावर आम्ही भांडलो नाही. लग्नानंतर चूक वाटून घेण्याची ही आमची पहिलीच वेळ असेल.

इस्त्रीवाल्याला बोलावलं. तो बिचारा आपल्या कामावर खूश होता. "बाई म्हणाल्या, सुरकुती नको. आणि ही गाठ म्हणजे केवढी मोठी सुरकुती. सुटता सुटेना. शेवटी दातांनी सोडवली." त्याला रागवायला मला तोंडच नव्हतं.

काकू संध्याकाळी येणार होत्या. त्यांनी सकाळीच जिन्यात विचारून ठेवलं होतं, "आमचा कुठे लावणार? जरा उजेडात लावा."

मी टाय घेऊन सभागृहात गेलो. कॅप्टन खुर्च्यांना रांगेत उभं करत होते, पॉलिसी आपले पोपट सर्वांत पुढे टांगत होता. दोघांना सगळं सांगितलं. दोघेही एकदम गंभीर झाले. कॅप्टननी तर डोक्यावरची टोपी काढली.

"घाबरू नका," ते म्हणाले. "गाठ सुटते तशी बांधता येते."

सोसायटीच्या वार्षिक सभेचा एक फोटो भिंतीवर होता. त्यात मागच्या रांगेत काका होते. आम्ही तो खाली काढला, भिंग आणलं आणि त्या गाठीचा अभ्यास केला. पॉलिसी म्हणाला, दोन वेढे आहेत. कॅप्टन म्हणाले, एकच, पण शिस्तीचा. पॉलिसीने स्वतःच्या गळ्यात बांधून बघितली. ती समोशासारखी फुगली. कॅप्टननी बांधली, ती बांधली एवढंच म्हणता येईल. मग माझ्यावर प्रयोग झाले. एकदा गाठ बरी जमली पण खळी डावीकडे गेली. एकदा खळी मधोमध आली पण टायचं मागचं टोक पुढच्याच्या खाली लोंबायला लागलं. करडं कापड चुरगळायला लागलं.

शेवटी कॅप्टन म्हणाले, "ही राहू द्या. लांबून तशीच दिसते. बायकांना टायच्या गाठीतलं काय कळतंय?"

माझी बायको टेबलावर चादर पसरत होती. तिने कॅप्टनकडे नुसतं बघितलं. कॅप्टननी टोपी परत घातली.

मी ती गाठ डोक्यावरून काढली आणि टाय खिडकीजवळ, उजेडात टांगला. खाली काकांच्या नावाची चिठ्ठी लावली. इतका अप्रामाणिक मी त्या मीटिंगमध्येही झालो नव्हतो.

लोक आले. सेक्रेटरींनी उपक्रम सांस्कृतिक असल्याची खात्री करून घेतली. जो तो आपापल्या टायपाशी जाऊन उभा राहिला आणि दुसऱ्याचा टाय बघण्याची तसदी कुणी घेतली नाही. मग काकू आल्या. चांगल्या तयार होऊन आल्या होत्या. बाजूचं काही न बघता सरळ खिडकीपाशी गेल्या.

मी मागे उभा होतो. माझ्या मागे बायको. कॅप्टन एकदम छताचा पंखा बघायला लागले.

काकू टायच्या अगदी जवळ वाकल्या. मग म्हणाल्या, "ही नाही ती."

"सुटली, काकू," मी म्हणालो. "आमच्या हातून सुटली. आम्ही परत बांधायचा खूप प्रयत्न केला. फोटोत बघून केला. पण काकांसारखी गाठ आम्हाला कुणालाच जमत नाही."

"त्यांना तरी कुठे जमायची?" काकू म्हणाल्या.

कॅप्टनची नजर पंख्यावरून खाली आली.

"त्यांना चपलेचा बंदसुद्धा धड लावता यायचा नाही. लग्न झालं त्या महिन्यापासून रोज मीच बांधत आले. घरी आले की सोडून खुर्चीवर टाकायचे, सकाळी परत माझ्यासमोर मान वर करून उभे." त्या टायकडेच बघत होत्या. "ही शेवटची राहिली होती, म्हणून म्हटलं सोडू नका."

"काकू, मग तुम्ही कधी बोलला नाहीत," माझी बायको म्हणाली.

"विचारलं कुणी? सगळे त्यांनाच वा वा म्हणायचे. त्यांनाही बरं वाटायचं. मलाही वाटायचं."

त्यांनी टाय खिळ्यावरून काढला आणि आमची ती गाठ एका हिसक्यात सोडली. मग टाय हातात धरून थांबल्या. "आता हातांना आठवेल की नाही कोण जाणे. नुसत्या हवेत मला नाही येणार. समोर कुणीतरी लागतं."

कॅप्टन पुढे झाले, पण त्यांच्या गळ्याचा घेर बघून काकूंनीच मान हलवली. पॉलिसीच्या गळ्यात आधीच एक टाय होता. मी पुढे गेलो. काकूंनी मला खालून वर बघितलं. "तुम्ही बुटके पडता," त्या म्हणाल्या. "ते उंच होते." एरवी हे मला लागलं असतं. बायकोने न बोलता एक लहान स्टूल आणून ठेवलं आणि मी त्यावर चढलो.

"मान वर करा."

मी मान वर केली. समोर सेक्रेटरींनी लावलेली नियमावली होती, ती वाचत राहिलो. काकूंनी कॉलर उभी केली, टाय गळ्याभोवती टाकला, दोन्ही टोकं मापली. पहिल्यांदा बोटं अडखळली. त्यांनी ती टोकं सोडली, पुन्हा धरली. आणि मग हात आपोआप चालायला लागले, इतके भराभर की मला कळलंही नाही कुठून काय गेलं. गाठ गळ्याशी सरकली. अंगठ्याने त्यांनी खाली दाबलं, बरोबर मधोमध. कॉलर खाली केली. खांद्यावर नसलेली धूळ झटकली. छातीवर दोनदा थोपटलं.

"डबा घेतलात?" त्या म्हणाल्या.

आवाज वेगळाच होता. घाईचा, थोडा कुरकुरीचा, सकाळचा. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या, गाठीकडे बघत होत्या. मागे कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. तो कॅप्टनचा होता. माझी बायको पदराने डोळे पुसत नव्हती, तिने टेबलावरचा पडद्याच्या कापडाचा रुमाल उचलला होता.

"घेतला," मी म्हणालो.

"मग निघा. उशीर होईल."

मी स्टुलावरून उतरलो. रविवार होता, संध्याकाळ होती, कुठेही जायचं नव्हतं. पण त्या वेळी तिथे थांबणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी सभागृहाच्या दारातून बाहेर पडलो आणि फाटकापर्यंत चालत गेलो. मान ताठ ठेवली होती, गाठ हलू नये म्हणून. मागे वळून बघितलं तर काकू दारात उभ्या होत्या. मी हात केला.